नियतीच्या नावावर खपविलेला अपराध

ग्रीक शोकात्मिका म्हणजे नियतीपुढे हतबल झालेल्या माणसाची कहाणी, हे समीकरण महाविद्यालयीन शिक्षणाने इतके रूढ करून ठेवले आहे की, त्याविषयी शंका घेणाराच अडाणी ठरावा. नायक थोर असतो, त्याच्या हातून प्रमाद घडतो, नियती त्याला गाठते, प्रेक्षकांच्या मनातील करुणा आणि भीती यांचे विरेचन होते व सारे शांत चित्ताने घरी परततात! मराठी वाचकाची या वाङ्मयाशी ओळख बहुधा अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रामार्फत होते. पण अ‍ॅरिस्टॉटलने ते विवेचन केले तेव्हा सोफोक्लीज आणि युरिपिडीज यांच्या मृत्यूला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. त्याच्या ग्रंथात कथानकाची बांधणी आहे. ज्या नगरराज्याने ही नाटके उभी केली, ते नगरराज्य मात्र जवळजवळ नाही.

दुसऱ्या टोकाला काही पुरोगामी मंडळी आहेत. गुलामांच्या मालकांनी आपल्या करमणुकीसाठी निर्माण केलेले हे वाङ्मय, त्याच्याशी कष्टकऱ्यांच्या चळवळीला काय कर्तव्य, असा त्यांचा सवाल असतो. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी भासतात. वास्तविक त्यांचा परिणाम एकच होतो: प्रत्यक्ष नाटक कोणीही वाचत नाही.

प्रत्यक्षात काय होते? अथेन्समधील डायोनायससचा वसंतोत्सव हा नगरराज्याचा सार्वजनिक कार्यक्रम होता. नाटकातील वृंदाचा खर्च सधन नागरिकाने करावा, असे बंधन त्याच्यावर घातले जाई. ४७२ इ. स. पू. मध्ये एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या नाटकाचा असा भार तरुण पेरिक्लीजने उचलला होता. सॅलॅमिसच्या आरमारी विजयाला तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. मॅरेथॉनच्या रणात स्वतः लढलेल्या या कवीने विजयाचा सोहळा मांडला नाही; त्याने शत्रूच्या राजधानीतील आक्रोश रंगमंचावर आणला. जेत्यांनी पराभूतांचे दुःख त्यांच्या बाजूने ऐकावे, ही अपेक्षा आजही किती राष्ट्रांना झेपेल?

याच उत्सवाची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. अंकित मित्रराज्यांकडून वसूल केलेल्या खंडणीची चांदी प्रेक्षागार भरल्यावर त्याच रंगभूमीवर मिरविली जात असे. साम्राज्याची मिजास आणि साम्राज्याची झडती, दोन्ही एकाच जागी! हा विरोध ध्यानात घेतल्यावाचून ४१५ इ. स. पू. मधील ‘ट्रोजन स्त्रिया’ या युरिपिडीजच्या नाटकाचा अर्थ लागत नाही. त्याआधीच्याच हिवाळ्यात अथेन्सने मेलॉस हे बेट जिंकले होते. युद्धात तटस्थ राहू इच्छिणे, एवढाच त्या बेटाचा गुन्हा. हाती लागलेल्या प्रौढ पुरुषांची कत्तल झाली, स्त्रिया-मुले गुलाम म्हणून विकली गेली आणि रिकाम्या भूमीवर पाचशे अथेनियन वसविण्यात आले. युरिपिडीजने नाटक मेलॉसला उद्देशूनच लिहिले की काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु वाटून घेतल्या जाणाऱ्या बंदिवान स्त्रिया समोर पाहताना एकाही प्रेक्षकाला मेलॉस आठवले नसेल, असे मानणे कठीण आहे.

या नाटकात नियती कुठे आहे? हेक्टरचा लहानगा मुलगा तटावरून फेकून दिला जातो. हा निर्णय देवांचा नव्हे. तो ग्रीकांच्या सभेचा आहे. शूराचा मुलगा जिवंत ठेवू नये, हे ओडिसियसने सभेला पटवून दिलेले असते. पुढे हेलन आपला बचाव मांडते: दोष पॅरिसला जन्म देणाऱ्या हेक्युबाचा, दोष प्रेमदेवतेचा, आपण केवळ निमित्तमात्र! म्हणजे पाठ्यपुस्तके ज्याला शोकात्मिकेचे सार म्हणतात, तो नियतीवाद येथे आरोपीच्या तोंडी आहे. हेक्युबा त्याचे वाभाडे काढते: स्वतःच्याच वासनेला देवतेचे नाव दिले म्हणून जबाबदारी टळत नाही. न्यायनिवाडा करणाऱ्या मेनेलॉसलाही ते पटते. मात्र शिक्षेची अंमलबजावणी तो पुढे ढकलतो. सत्ताधाऱ्यांच्या चौकशी समित्यांचा अनुभव असलेल्या कार्यकर्त्याला या प्रसंगावर भाष्य नको.

मग ईडिपसचे काय, असे विचारले जाईल. पितृवध आणि मातृविवाह यांचे भाकीत होते, हे खरे. परंतु ते सर्व नाटक सुरू होण्यापूर्वी घडून गेले आहे. रंगमंचावर दिसतो तो एका राज्यकर्त्याने चालविलेला तपास. तो थांबवावा म्हणून त्याची मनधरणी केली जाते. तो थांबवीत नाही आणि तपास स्वतःपाशी येऊन ठेपल्यावरही माघार घेत नाही. कोणत्याही भाकिताने त्याला या चौकशीची सक्ती केलेली नव्हती.

गुलामगिरीचा आक्षेप मात्र गंभीर आहे. लॉरियनच्या खाणींतील चांदी गुलामांनी उपसली. स्त्रियांना मताधिकार नव्हता. हेक्युबाची भूमिकाही पुरुषच करीत असे. हे सर्व सांगितलेच पाहिजे. पण म्हणून ही नाटके टाकून द्यायची तर मालकवर्गाच्याच व्यासपीठावरून त्याच्याविरुद्ध नोंदविली गेलेली साक्षही टाकून द्यावी लागेल. एस्किलस मूळ ग्रीकमध्ये पुनःपुन्हा वाचणाऱ्या मार्क्सला ही चैन परवडली नाही.

ही नाटके पाहून अथेन्स सुधारले काय? नाही. युरिपिडीजला त्या वर्षी दुसरे पारितोषिक मिळाले आणि त्याच उन्हाळ्यात सिसिलीवर आरमार निघाले, ४१३ इ. स. पू. मध्ये ते नष्ट झाले. नाटक संघटनेची जागा घेत नाही. परंतु संघटनेला स्वतःकडे पाहण्याचे धैर्य ते देऊ शकते. रॉबेन बेटावरील तुरुंगात राजबंद्यांनी ‘अँटिगनी’ केले, तेव्हा नेल्सन मंडेला यांनी भूमिका केली ती क्रेऑन या राजाची. राज्याची शिस्त, शत्रू-मित्र विवेक, नेत्याची कसोटी यांविषयी क्रेऑन आरंभी जे बोलतो, ते कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावर टाळ्या घेईल. त्याचा ऱ्हास सुरू होतो तो स्वतःचा मुलगा हीमॉन सामान्य जनांची कुजबुज कानावर घालतो आणि तो ती ऐकण्याचे नाकारतो तेव्हा. न्यायाला दयेची जोड हवी, हा बोध मंडेला यांनी त्यातून घेतला.

तेव्हा अभ्यासमंडळांनी शोकात्मिका परीक्षार्थ्याप्रमाणे वाचू नये आणि तुच्छतेने दूरही लोटू नये. एस्किलसची सात, सोफोक्लीजची सात आणि युरिपिडीजची अठरा-एकोणीस, एवढीच नाटके संपूर्ण उरली आहेत. ती वाचताना पहिला प्रश्न हाच असावा: निर्णय कोणी घेतला, कोणत्या सभेत घेतला आणि त्याची किंमत कोणी मोजली? ज्या चळवळीला हा प्रश्न ट्रॉयविषयी विचारता येतो, तिला तो सरकारला विचारता येईल. तो स्वतःच्या कार्यकारिणीलाही विचारण्याची तिची तयारी असली पाहिजे.