ड्रॅगनच्या जागी रेल्वेचं इंजिन!

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. आठवड्याची सगळी कॉपी पाठवून झालेली, फोन सायलेंटवर, शेजारी कॉफीचा मग. स्क्रीनवर बर्फाचे डोंगर, मावळतीचं आभाळ. ड्रॅगन येणार, हे कळलं. मी धनुष्य ताणलं. आणि आभाळात चक्क शिट्टी वाजली! डोंगरामागून खाली उतरलं ते एक निळंशार इंजिन. गोल चेहरा, गोड हसू आणि तोंडातून आगीचे लोळ. थॉमस! आपला कार्टूनमधला थॉमस द टँक इंजिन!

मी इतक्या जोरात हसले की आतल्या खोलीतून आई उठून आली.

"अगं, काय झालं? वाजले किती बघ."

"काही नाही गं. ड्रॅगनच्या जागी आगगाडी आली."

"बरं. गाडी गेली की झोप," म्हणाली आणि परत गेली. आईला आता माझं काही नवल वाटत नाही.

तर मंडळी, याला म्हणतात मॉड. म्हणजे मॉडिफिकेशन. तयार गेममध्ये खेळणाऱ्यानंच केलेला बदल. थॉमसचा हा उद्योग एका अवलियानं २०१३ मध्ये करून ठेवलाय. का केला, असं विचारायचं नसतं!

किल्ला त्यांचा, आगगाडी आपली

ज्यांच्या डोक्यावरून चाललंय त्यांच्यासाठी थोडक्यात. गेमचं नाव 'स्कायरिम'. अमेरिकेतल्या बेथेस्डा गेम स्टुडिओजनं बनवलेला, ११ नोव्हेंबर २०११ ला आलेला. ओपन वर्ल्ड, म्हणजे वाट तुमची तुम्ही ठरवायची. मुख्य कथेत ड्रॅगनना हरवून जग वाचवायचं असतं. पण माझ्यासारखे बरेच जण जगाला वाट बघायला लावून फुलपाखरं पकडत आणि कोबी गोळा करत हिंडतात.

आता दिवाळीचा किल्ला आठवा. सोसायटीच्या कोपऱ्यात दगड-विटा, वर पोतं, त्यावर चिखल, अळीव पेरून केलेली हिरवळ. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे. आणि मग? कुणीतरी घरून प्लॅस्टिकचा जिराफ आणायचं, कुणी हेलिकॉप्टर आणि पायथ्याशी हमखास एक चावीची आगगाडी. मोठी मुलं ओरडायची, "महाराजांच्या काळात आगगाडी होती का रे?" नव्हती. पण गाडी तिथेच राहायची!

मॉडिंग म्हणजे नेमकं हेच. किल्ला दुसऱ्यानं बांधून दिलाय, आगगाडी तुमची.

गंमत म्हणजे किल्ल्याची माती कंपनीनंच हातात दिली. २००२ साली याच मालिकेतला 'मोरोविंड' आला, तेव्हा पीसीच्या गेमसोबत 'कन्स्ट्रक्शन सेट' नावाचं टूल होतं. घरं, माणसं, संवाद, तलवारी, सगळं त्यातून बदलता यायचं. स्कायरिमसाठी असंच टूल, 'क्रिएशन किट', फेब्रुवारी २०१२ मध्ये मोफत मिळालं. मग काय, लोक सुटलेच! स्कायरिमचा मूळ मेनू गेमपॅड हातात धरून टीव्हीसमोर बसणाऱ्यांसाठी होता. माउस-कीबोर्डवाल्यांची चिडचिड व्हायची. 'स्कायUI' ऐवजी मराठीत लिहायचं तर 'स्काययूआय' नावाच्या मॉडनं त्यात नीट रकाने आणि सर्च आणला. कंपनीकडून राहिलेल्या बग्जसाठी चाहत्यांनीच 'अनऑफिशियल पॅच' काढला. जर्मनीतल्या 'शुअरएआय' टीमनं तर कहर केला. त्यांनी स्कायरिमच्या इंजिनवर 'एन्डेराल' नावाचं अख्खं नवीन जग २०१६ मध्ये आणलं. कथा नवी, नकाशा नवा, आणि किंमत शून्य. मोरोविंडचे चाहते तर 'टॅमरिएल रिबिल्ट' या प्रोजेक्टवर २००१ पासून काम करतायत. म्हणजे गेम बाजारात येण्याच्याही आधीपासून!

शेवटी बोलेल त्याचं खरं

वाटतं तितकं सोपं नाही हं. प्रत्येक मॉडची एक फाइल गेम ओळीनं वाचतो. या ओळीला म्हणतात 'लोड ऑर्डर'. दोन मॉड्सनी एकाच गोष्टीला हात लावला, तर नंतर येणाऱ्याचं चालतं. एकानं गावात झाडं लावली, दुसऱ्यानं घरं वाढवली, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. मग तुम्ही घरात शिरता आणि चुलीतून वडाएवढं झाड वर गेलेलं असतं!

या फाइल्सना गेम दोन अंकी नंबर देतो. तेही संगणकाच्या सोळाच्या हिशेबातले, म्हणजे एकूण २५६. त्यातला शेवटचा गेम स्वतःच्या सेव्हसाठी ठेवतो, पहिले काही मूळ फाइल्सना जातात. उरलेल्यात मॉड्सनी सीट पकडायची. २०१६ मध्ये 'स्पेशल एडिशन' आली आणि पुढे 'लाइट' फाइल्सची सोय झाली. अशा ४०९६ छोट्या फाइल्स आता एकाच नंबरात दाटीवाटीनं बसतात. लोकलचा फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास म्हणा ना!

आणि आता माझी शोकांतिका. मी एक मॉड टाकला होता, थंडी वाजण्याचा. बर्फात हिंडलात तर कुडकुडणार, शेकोटी पेटवली नाही तर मरणार. पहिले चार दिवस मस्त वाटलं, मग कंटाळा आला. एका संध्याकाळी मी तो मॉड खुशाल काढून टाकला. दोन दिवसांनी गेम दार उघडलं की बंद पडायला लागला. कुठलंही दार! असे मॉड स्वतःच्या स्क्रिप्ट्स चालवतात आणि त्यांच्या नोंदी तुमच्या सेव्हमध्ये जाऊन बसतात. मॉड गेला तरी नोंदी राहतात, घर विकल्यावरही जुन्या मालकाची पत्रं येत राहावीत तशा. आधीच्या सगळ्या सेव्ह मी जागा वाचवायला डिलीट केलेल्या. ९६ तासांचा खेळ गेला. म्हणजे ऑफिसचे पूर्ण बारा दिवस! मॉडच्या माहितीत ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'खेळ मध्यावर असताना काढू नका.' कोण वाचतंय?

दिवसा वकील, रात्री...

त्या रागात मी ठरवलं, बास झालं हे. मग सहज म्हणून 'द फरगॉटन सिटी' हा मॉड टाकला आणि अडकले. जमिनीखालचं एक शहर. तिथे एका माणसानं गुन्हा केला तर सगळ्यांना मरावं लागतं. तुम्ही काळात मागे जाऊन तो गुन्हा टाळायचा. हा मॉड बनवला निक पिअर्स या मेलबर्नच्या माणसानं. आणि हा माणूस व्यवसायानं वकील! तीन वर्षं, १७०० च्या आसपास तास. आठ तासांचा दिवस धरला तर दोनशेहून जास्त दिवस, आणि तेही नोकरी सांभाळून. मॉड २०१५ मध्ये आला. २०१६ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला, हा मान मिळवणारा तो पहिलाच मॉड. मग पिअर्सनं वकिली सोडली आणि छोट्याशा टीमबरोबर त्याचा स्वतंत्र गेम बनवला. तो २०२१ मध्ये आला.

अशीच गोष्ट अलेक्झांडर वेलिकीची. वय १९. 'फॉल्सकार' नावाचा अख्खा नवा प्रदेश त्यानं २००० तास घालून बनवला आणि २०१३ मध्ये मोफत दिला. बेथेस्डात नोकरी मिळावी म्हणून! बायोडेटा असावा तर असा. तिथे नाही, पण बंजी या दुसऱ्या बड्या कंपनीत त्याला नोकरी मिळाली.

वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटलं. मग दुसरा विचार आला. मी फ्रीलान्सर आहे. माझ्या प्रत्येक तासाला भाव असतो. आणि दर महिन्याला कुणीतरी मला "पैसे नाहीत, पण नाव होईल" असं ऐकवतंच. मग इतक्या लोकांनी इतके तास फुकट राबायचं आणि गेम मात्र कंपनीचा खपायचा, हे बरोबर आहे का?

चार दिवसांचं दुकान

हा प्रश्न २३ एप्रिल २०१५ ला खरोखरच ऐरणीवर आला. बेथेस्डा आणि 'स्टीम'वाल्या व्हॉल्व्हनं मॉड विकायची सोय केली. बनवणाऱ्याचा वाटा होता २५ टक्के, बाकीचा दोन्ही कंपन्यांचा. इंटरनेटवर नुसता भडका उडाला. विरोधाच्या अर्जावर लाखाहून जास्त सह्या झाल्या. पहिल्याच झपाट्यात एक मॉड मागे घ्यावा लागला, कारण तो दुसऱ्या कुणाच्या तरी मोफत कामावर उभा होता. २७ एप्रिलला दुकान बंद, ग्राहकांना पैसे परत! बेथेस्डानं नंतर वेगळ्या रूपात पुन्हा दुकान मांडलं, २०१७ मध्ये 'क्रिएशन क्लब' आणि डिसेंबर २०२३ पासून 'क्रिएशन्स'. पण मोफत मॉड्सचा ढीग आजही तसाच आहे.

सुरुवातीला मी विकणाऱ्यांच्या बाजूची होते. काम केलंय, पैसे घेतले तर बिघडलं कुठे? अजूनही ज्याला विकायचंय त्यानं विकावं, असंच माझं मत आहे. वाटा २५ टक्क्यांहून बरा मागावा, इतकंच. पण मॉड एकट्याचा कधीच नसतो. याचा मेनू, त्याचं अॅनिमेशन, तिसऱ्यानं दुरुस्त केलेला बग. आमच्या सोसायटीत एका वर्षी किल्ल्याला रोख बक्षीस ठेवलं होतं. त्या वर्षी पहिल्यांदा "जिराफ कुणाचा?" यावर मारामारी झाली! त्याआधी जिराफ सगळ्यांचा होता.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय. आठवड्यातले तीन तास असे, ज्यांना भाव नाही. त्यांचं बिल नाही, डेडलाइन नाही, "एक छोटासा बदल करून द्याल का?" नाही.

सुरू करताय? मग एवढं पाळाच!

• आधी मूळ गेम थोडा खेळा. काय खटकतंय ते कळल्याशिवाय काय बदलणार?

• फाइल्स गेमच्या फोल्डरमध्ये हातानं टाकू नका. 'मॉड ऑर्गनायझर २' किंवा 'व्होर्टेक्स' वापरा.

• एका वेळी एकच मॉड. टाका, खेळून बघा, मगच पुढचा. चाळीस एकदम टाकलेत तर बिघडवणारा कोण, हे शोधण्यात वीकेंड जाईल.

• गेमचं ऑटो अपडेट आवरा. नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटनं 'स्क्रिप्ट एक्स्टेंडर'वर चालणारे कितीतरी मॉड एका रात्रीत बंद पडले होते.

• स्क्रिप्टवाला मॉड मध्येच काढू नका आणि जुन्या सेव्ह जपा. हे कोण सांगतंय ते लक्षात ठेवा!

तर, सध्या त्या तीन तासांत मी माझा पहिला मॉड बनवलाय. व्हाइटरन गावात खेळाडूला एक छोटं घर विकत मिळतं, ब्रीझहोम. क्रिएशन किट उघडलं, यादीतून एक दगडी चौथरा ओढून आणला, त्यावर कुंडी, कुंडीत गेममधलंच एक झुडूप, बाजूला मिणमिणती मेणबत्ती. झालं तुळशीवृंदावन! ड्रॅगनच्या राज्यात. आठ संध्याकाळी लागल्या. पहिल्या सात ते जमिनीपासून वीतभर वर तरंगत होतं.

रविवारी आईला बोलावून दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता कौतुक करणार.

"अगं, वृंदावन घराच्या मागे कसलं लावतेस? दारासमोर हवं ना. आणि पणती ठेव, मेणबत्ती काय?"

माझ्या मॉडचा पहिला बग रिपोर्ट! रात्री वृंदावन उचलून दारासमोर आणलं. पणती मात्र गेममध्ये कुठे नाहीच. आता ती बनवायला शिकतेय.