बुरशीवर पेशींचा उतारा, पण घाई कुणाला?

२०२१च्या मे महिन्यात ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी विदर्भात नातेवाइकांची वणवण सुरू होती. करोनातून उठलेल्या माणसाचा गाल बधिर व्हायचा, डोळा सुजायचा, टाळूवर काळा डाग दिसायचा. म्युकरमायकोसिसचा रुग्ण घाटाखालचा असेल तर अकोला गाठायचा, घाटावरचा असेल तर औरंगाबाद. वर्ध्याच्या एका कंपनीने हे इंजेक्शन बनवायला घेतले, त्याने थोडा श्वास मिळाला.

आता याच बुरशीजन्य आजारांवर ‘पेशी उपचारा’ची चर्चा आहे. कर्करोगात जे केले जाते तेच इथे करायचे. रक्तातील टी-पेशी बाहेर काढायच्या, शत्रू ओळखणारा ग्राहक जनुकीय बदलाने त्यांच्यावर बसवायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. २०१४मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या संशोधकांनी बुरशीच्या भित्तिकेतील साखर ओळखणाऱ्या टी-पेशी तयार केल्या. २०२२मध्ये जर्मनीतील वुर्झबर्गच्या गटाने ॲस्परजिलस बुरशीवर नेमका हल्ला करणाऱ्या पेशी बनवल्या. उंदरांच्या फुप्फुसातील बुरशी त्यांनी कमी झाली. त्याआधी, २००५मध्ये, इटलीतील पेरुजात दात्याच्या ॲस्परजिलसविरोधी टी-पेशी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना देऊन पाहिल्या गेल्या होत्या.

कल्पना उत्तम आहे. आपल्याकडेही आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ला २०२३मध्ये मान्यता मिळाली. पण ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, आणि परदेशापेक्षा स्वस्त असूनही खर्च लाखांत आहे.

बुरशीच्या बाबतीत अडचण केवळ पैशांची नाही. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्युकर तेवढा वेळ देत नाही, सायनसमधून डोळ्यात आणि तिथून मेंदूत तो काही दिवसांत पोहोचतो. पेशी देण्यापूर्वी सहसा केमोथेरपी देऊन रुग्णाची प्रतिकारशक्ती आणखी खाली आणावी लागते. बुरशीने पोखरलेल्या माणसाला ते झेपेल का? शिवाय करोनानंतरचे बरेच रुग्ण स्टेरॉइडवर होते आणि स्टेरॉइड टी-पेशींनाही दाबून टाकते. निरोगी दात्यांच्या पेशी आधीच तयार करून गोठवून ठेवल्या तरच या वाटेला अर्थ आहे. प्रत्यारोपण किंवा रक्ताचा कर्करोग झालेल्या रुग्णांसाठी, ॲस्परजिलससारख्या बुरशीवर, तो दिवस येईलही.

चिखली-मेहकरच्या मधुमेही शेतकऱ्याचे प्रकरण मात्र वेगळे आहे. रक्तातील साखर फार वाढली आणि आम्लता आली की म्युकरला रोखणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच लुळ्या पडतात, रक्तातले लोहही बुरशीला आयते मिळते. इन्सुलिन हा तिथे पेशी उपचारच म्हणायचा, फक्त त्याला कुणी तसे म्हणत नाही! नाकातल्या खपलीचा तुकडा काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. मग लगेच ॲम्फोटेरिसिन आणि सडलेला भाग काढणारी शस्त्रक्रिया. या साखळीत एक दिवस वाया गेला तर डोळा जातो.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये बुलडाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तिथे बुरशी तपासणीचे टेबल रात्रीही चालू राहणे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाचे पद भरलेले असणे, या मागण्या पेशींच्या प्रयोगशाळेच्या आधीच्या आहेत.