वाचनदोष की बोलीचा उच्चार?

जळगावच्या मेहरूण भागातील लेवा गणबोली बोलणाऱ्या घरचे मूल पहिलीच्या पुस्तकातील ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा वाचते, तेव्हा ते वाचनात चुकलेले नसते. या बोलीत, तशीच अहिराणीतही, प्रमाण मराठीतील ‘ळ’चा ‘य’ होतो. मुलाने अक्षर ओळखलेले असते, अर्थ जाणलेला असतो. उच्चार तेवढा घरचा. ‘डोणा’ वाचणारे मूल मात्र अक्षरापाशीच अडखळलेले असते. दोघांना एकाच मापाने चूक ठरविले, तर पहिले मूल मोठ्याने वाचणेच टाळू लागते. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली छापली गेली ती बोलीच्या याच वळणासह. पदव्युत्तर वर्गात त्याचे कौतुकाने विवेचन होते. (मुलाच्या वाट्याला ते कौतुक नाही.) ‘डोया’ ऐकल्यावर शिक्षकाने डोळ्याकडे बोट दाखवावयास सांगावे, प्रमाण उच्चार सवडीने शिकविता येतो.