मोबाइल नजर मोजतो, डोळा तपासत नाही

इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरमध्ये यंत्रमागावर तुटलेला धागा हेरायचा आणि जोडायचा तो हातभर अंतरावर. चाळिशी उलटली की नेमकी ही जवळची नजर अधू होऊ लागते. मजुरी विणलेल्या मीटरवर ठरत असेल तर प्रश्न थेट पोटाचा होतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा दिल्यावर, तो न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे काम सुमारे २२ टक्के अधिक वाढले, असे २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील चाचणीत दिसले.

मग मोबाइलवरचे ॲप पुरेल? अर्धेच. 'पीक ॲक्युइटी'त दोन मीटरवरून इंग्रजी 'ई'ची दिशा ओळखायची असते. केनियातील नाकुरू भागात त्याचे निकाल तक्त्याशी बऱ्यापैकी जुळले. पण ही झाली दूरची नजर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोफत 'डब्ल्यूएचओआइज'वर जवळचीही पाहता येते आणि माग चालवणाऱ्याला तीच हवी. मात्र अंतर मोजून, एकेक डोळा झाकून. घाईत नेमके हेच राहते.

खरी गफलत पुढे होते. काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते, मधली बराच काळ शाबूत राहते. मधुमेहाने पडद्याला इजा होऊ लागली तरी सुरुवातीला अक्षरे स्वच्छच दिसतात. ॲप अशा डोळ्याला बिनदिक्कत पास करते. मधुमेहींनी म्हणूनच वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्यायचा असतो, मोबाइलवरच्या सगळ्या ओळी वाचता आल्या तरी.