आवड जुळो न जुळो, पुस्तक मिटू नका

विवाह ठरविताना मुलामुलींच्या वाचनाच्या आवडी जुळल्या पाहिजेत, असा आग्रह अलीकडे आपल्या सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांतून ऐकू येतो. शहरात नोकरीस लागलेला तरुण म्हणतो, "फादर, मी ग्रंथ वाचणारा, ती वर्तमानपत्रही उघडत नाही; आमचे जमायचे कसे?" जुनी मंडळी यावर हसतात. "पुस्तकांवर का कुठे संसार चालतो? मुलाला नोकरी असावी, मुलीला चार माणसांचे रांधता यावे, म्हणजे झाले." ही दोन्ही मते मला अमान्य आहेत. पहिले मत वाचनाला हुंड्याच्या पंक्तीत बसविते. ते वधूने येतानाच घेऊन यावे असे मानते. दुसरे मत त्याला घराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवते.

प्रथम पहिल्या मताचा समाचार घेऊ. आमच्या मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजतो आणि त्या कोयत्यामागे पोरांची शाळा सुटते. अशा घरातील मुलीला वाचनाची आवड लागली नाही, तर तो तिच्या बुद्धीचा दोष कसा? आवड जुळण्याची अट ही वास्तविक संधी जुळण्याची अट आहे. आणि संधी कोणाच्या वाट्याला येते हे जमीन, जात आणि शाळेचे अंतर ठरविते. जो तरुण मुलीला 'ती वाचत नाही' म्हणून नाकारतो, तो तिच्या दारिद्र्याची शिक्षा तिलाच देतो आणि वर त्याला अभिरुचीचे नाव देतो.

इतिहास पाहा. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांचा विवाह झाला तेव्हा ते एकतीस वर्षांचे विद्वान न्यायाधीश होते आणि रमाबाई अकरा वर्षांच्या निरक्षर बालिका. त्या विषम विवाहाचे समर्थन आज कोणी करणार नाही. परंतु त्या घरात पुढे जे घडले ते विचारात घेण्याजोगे आहे. पतीने शिकविले, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी मात्र वाचणाऱ्या सुनेला टोमण्यांनी जेरीस आणले. त्याच रमाबाईंनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हा ग्रंथ मराठीला दिला.

याहून बोलके उदाहरण आपल्या ख्रिस्ती परंपरेतील आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई प्रॉटेस्टंट पंथाचे. पण त्यांच्या संसारापासून कॅथलिक घरांनीही शिकावे. टिळक कवी, पंडित. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. आगगाडीच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. त्यांनी तो एकट्याने वाचला आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी त्या वाचनात सहभागी नव्हती. परिणामी संसार दुभंगला. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. येथे आपला आवडी जुळविणारा तरुण म्हणेल, "पाहा, मी म्हणतो तेच खरे!" परंतु कथा तेथे संपत नाही. लक्ष्मीबाई परतल्या तेव्हा टिळकांनी त्यांच्या सोवळ्याओवळ्यावर जबरदस्ती केली नाही. पुढे स्वतःच्या विचाराने त्या ख्रिस्ताकडे आल्या. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे नेले या कधीकाळच्या निरक्षर पत्नीने. आणि १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची 'स्मृतिचित्रे' आज टिळकांच्या कवितेहून अधिक वाचली जात असतील तर नवल नाही. त्या दोघांची आवड आरंभी जुळलेली नव्हती. एकाने दुसऱ्याला विचार करण्याची मोकळीक दिली, आणि आवड मागाहून आली.

"पण आवडी सारख्या असल्या तर जवळीक आपोआप येते," असा एक आक्षेप उरतो. तो खरा नाही. आज एकाच खोलीत पतिपत्नी आपापल्या मोबाइलवर तीच दृश्ये पाहत बसलेले असतात. सवय अगदी एकसारखी, आणि शब्द एकही नाही. सारखेपणा म्हणजे सोबत नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांतील आठव्या अध्यायात रथात बसून यशया वाचणाऱ्या इथियोपियन अधिकाऱ्याकडे फिलिप धावत जातो, वाचलेले कळते का म्हणून विचारतो, आणि त्याच्याशेजारी बसतो. दोघांचा देश, दर्जा, शिक्षण वेगळे. विचारणे आणि शेजारी बसणे, एवढ्यावर ती सोबत उभी राहिली.

आता दुसरे मत. 'पुस्तकांवर संसार चालत नाही' म्हणणाऱ्यांच्या घरातच दहावी-बारावी झालेली सून पुस्तक उघडते, आणि "तुला काही काम नाही का?" हा प्रश्न येतो. नवरा ऐकतो आणि गप्प राहतो. वर्ष-दोन वर्षांत ते पुस्तक कायमचे मिटते. मला चिंता आहे ती या मिटलेल्या पुस्तकांची. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'अमोरिस लेतित्सिया'मध्ये सांगितले आहे की, पतिपत्नींच्या संवादाला काही आशय हवा असेल तर तो वाचन, चिंतन व प्रार्थना यांनी पोसलेल्या अंतःकरणातूनच येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्वच श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचा आग्रह केला. त्यातून सुनांना वगळलेले नाही. आणि वाचता न येणाऱ्यांचे काय? फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध आहे ते कानांनी ऐकता यावे म्हणूनच. एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे, हीही वाचनाची भागीदारीच होय.

आमच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. अखंड वाचन-लेखनाचा हा पुरस्कर्ता 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून निघून गेला, अशी आख्यायिका आहे. आपण बोहल्यावर थांबलेली माणसे आहोत. आपल्याला दोन्ही सांभाळायचे आहे.

म्हणून विवाहेच्छू तरुण-तरुणींना माझे सांगणे असे: समोरचे माणूस काय वाचते हे विचारण्याआधी, "तू वाचत बसलीस तर भांडी मी घासीन का?" हे स्वतःला विचारा. मुलींनीही स्थळ पाहताना हाच प्रश्न मुलाला स्पष्टपणे विचारावा. सासूबाईंनी सुनेच्या हातचे पुस्तक काढून घेण्याऐवजी तिला म्हणावे, "मोठ्याने वाच गं, मलाही ऐकू दे." रात्रीच्या प्रार्थनेनंतर शास्त्राचे एक पान आणि दुसऱ्या कोणत्याही चांगल्या पुस्तकाचे एक पान, एवढे ज्या घरात वाचले जाईल, तेथे आवडी जुळल्या की नाही हे तपासायला कोणाला सवड राहणार नाही.