शर्टावर नाव कंपनीचं, करारावर सही पोराची!

ओन्टारियोतील मराठी घरमालकांना आणि विद्यार्थ्यांना जाहीर आवाहन



पाडव्याच्या आगेमागे बर्फ वितळला की ब्रॅम्प्टन, मिल्टन, मिसिसॉगा, वॉटर्लू भागात दारावरच्या बेल वाजू लागतात. दारात विशीतला चुणचुणीत मुलगा, अंगात कंपनीचं नाव छापलेला शर्ट, हातात क्लिपबोर्ड. "काका, गॅरेजच्या दाराचा रंग उडालाय. एस्टिमेट फुकट देतो. आम्ही सगळे स्टुडंटच आहोत." त्यात आडनाव मराठी निघालं तर विचारायलाच नको. काकू चहा टाकतात, आणि चहा संपायच्या आत करारावर सही होऊन आगाऊ रकमेचं ई-ट्रान्सफरही झालेलं असतं.

आमचं भांडण त्या मुलाशी नाही. त्याला दारोदार पिटाळून स्वतः उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या धंद्याशी आहे. या पत्रकात कोणत्याही कंपनीचं नाव नाही, कारण नाव बदलतं, शर्टाचा रंग बदलतो, रीत तीच राहते. ती रीत ओळखा, म्हणजे नाव कुठलंही असो, फसणार नाही.

धंदा चालतो कसा?

जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजात भरती होते. तास सुरू होण्याआधी कुणीतरी येऊन दोन मिनिटांचं भाषण ठोकतो: स्वतःचा व्यवसाय चालवा, उन्हाळ्यात वर्षाची फी काढा, रेझ्युमेवर 'मॅनेजर' लिहा. मग मुलाखती, आणि "मोजक्याच मुलांना घेतो" अशी थाप. शेवटी पुढ्यात करार येतो. त्यात मुलाला नोकर म्हटलेलं नसतं. तो 'फ्रँचायझी' असतो किंवा 'स्वतंत्र कंत्राटदार'. शिड्या, स्प्रे, गाडी, पेट्रोल, विमा, अंगणात ठोकायच्या पाट्या, सगळं त्याच्या खर्चाने. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा तोंडावर असताना शनिवार-रविवार दारोदार फिरून कामं त्यानेच आणायची. प्रत्येक कामाच्या पैशातून कंपनीचा वाटा मात्र आधी कापला जातो.

गिऱ्हाईक बिलाला अडलं, पावसात आठवडा गेला, रंगारी मुलं काम टाकून पळाली, तर निस्तरायचं त्या पोराने. मलईच्या वेळी कंपनी भागीदार असते. तोटा आला की पोरगा स्वतंत्र व्यावसायिक होतो!

विद्यार्थ्यांनी रंगकाम करण्यात गैर काहीच नाही. फ्रँचायझीही कायदेशीर आहे. कष्टाने, सचोटीने उन्हाळाभर भिंती रंगवून फी भरणारी मुलं आमच्या माहितीत आहेत. पण कंपनी स्वतःच्या नावावर विश्वास विकते आणि करारात स्वतःचं नाव कुठेच येऊ देत नाही, तेव्हा त्याला आम्ही व्यवसाय म्हणणार नाही.

घरमालकाच्या पदरी काय?

आमच्यापैकी एकाच्या पोर्चचा लाकडी कठडा. करारात लिहिलं होतं: धुणं, खरवडणं, घासणं, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. प्रत्यक्षात सकाळी प्रेशर वॉशरने कठडा धुतला आणि दुपारी ओल्या लाकडावरच ब्रश फिरवला. जूनमध्ये कठडा झकास दिसत होता. हिवाळ्यात आतलं पाणी गोठलं, वितळलं, पुन्हा गोठलं. एप्रिलमध्ये तळहाताएवढे पापुद्रे निघाले. पापुद्रा उलटा करून पाहिला तर मागे जुना, भुकटी झालेला रंग जसाच्या तसा चिकटलेला. खरवडलेलं नव्हतं, घासलेलं नव्हतं, प्रायमरचा तर पत्ताच नव्हता.

वॉरंटी दोन वर्षांची होती. फोन केला तेव्हा मॅनेजर मुलगा पदवी घेऊन दुसऱ्या शहरात गेला होता. कंपनीने उत्तर दिलं: "तुमचा करार आमच्याशी नाही, त्या फ्रँचायझीशी आहे."

जुन्या घरात हा निष्काळजीपणा जिवावर बेततो. १९६० पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. तो रंग कोरडा घासला की विषारी धूळ उडते. घरातल्या लहान मुलांना तिचा धोका सर्वांत जास्त, आणि मास्क न लावता घासणाऱ्या पोरालाही आहेच. घर किती सालचं, हे दारात आलेल्या मुलाने विचारलं का? नसेल विचारलं, तर त्याला तेवढंही शिकवलेलं नाही.

विद्यार्थ्याच्या पदरी काय?

मॅनेजरच्या हाताखालच्या रंगारी मुलांना बहुधा तासावर पैसे मिळत नाहीत, कामावर मिळतात. समजा, एका घराच्या मजुरीचे १,२०० डॉलर ठरले. एस्टिमेट देणाऱ्याला अनुभव नाही, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकला आणि दोन मुलांचे मिळून ९० तास गेले. ताशी पडले १३ डॉलर ३३ सेंट. ओन्टारियोत १ ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन ताशी १७ डॉलर ६० सेंट आहे. म्हणजे ९० तासांचे १,५८४ डॉलर व्हायला हवेत. एका घरामागे ३८४ डॉलर मुलांच्या खिशातून गेले, आणि त्यांना सांगण्यात आलं की तुम्हीच हळू काम करता!

हे बेकायदा आहे. मजुरी कामावर ठरवली तरी नोकराला किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. "काम खराब झालं" म्हणून पगार कापता येत नाही. मालकाने सक्तीचं केलेलं प्रशिक्षण हा कामाचाच वेळ. त्याचे पैसे द्यावे लागतात. आणि जो प्रत्यक्षात नोकर आहे त्याला कागदावर 'कंत्राटदार' म्हणणं हाही या प्रांतात गुन्हा आहे.

भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांनी तर दुप्पट सावध राहावं. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. स्वतःचा धंदा असला तरी ते तास मोजले जातात. 'फ्रँचायझी' म्हटल्याने स्टडी परमिटची अट सुटत नाही. उन्हाळ्यात पूर्ण वेळ काम करायचं तर कॉलेजच्या वेळापत्रकात ती सुट्टी अधिकृत असावी लागते. जानेवारीत प्रवेश घेतलेल्या अनेकांना त्या उन्हाळ्यात सुट्टीच नसते. कंपनीचा माणूस हे सांगणार नाही. परमिट गेलं तर तुमचं जाईल, आणि गावाकडे वडिलांनी काढलेल्या कर्जाचे हप्ते काही थांबणार नाहीत.

सही करून बसलात? अजून वेळ गेलेली नाही

घरमालकांनो, ओन्टारियोचा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने आहे.

१. घरी बसून केलेला ५० डॉलरांवरचा करार, त्याची लेखी प्रत हातात पडल्यापासून १० दिवसांत, कोणतंही कारण न देता रद्द करता येतो. ईमेलने कळवा आणि ईमेल जपून ठेवा. भरलेले पैसे १५ दिवसांत परत मिळायला हवेत.

२. करारात एस्टिमेट लिहिलेलं असेल तर त्याच्या १० टक्क्यांहून जास्त बिल लावता येत नाही. जास्तीचं काम निघालं तर आधी तुमची लेखी संमती हवी.

३. ठरलेल्या तारखेनंतर ३० दिवसांत काम सुरूच झालं नाही, तर करार रद्द करता येतो.

दारावर येऊन एसी, फर्नेस, वॉटर हीटर विकायला या प्रांतात २०१८ पासून बंदी आहे. त्या यादीत रंगकाम येत नाही. त्यामुळे "दारावर येणारे सगळे तपासलेलेच असतात" या भ्रमात राहू नका.

विद्यार्थ्यांनो, फ्रँचायझी घेत असाल तर आर्थर विशार्ट कायदा (२०००) लक्षात ठेवा. फ्रँचायझी देणाऱ्याने धंद्याची खरी माहिती देणारा दस्तऐवज सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी द्यायचा असतो. गुंतवणूक फार लहान असेल तर या नियमाला सूट आहे, आणि नेमकी तिचीच ढाल पुढे केली जाते. सूट असली तरी १४ दिवस तुम्ही स्वतः घ्या. "आज सही केली नाही तर जागा जाईल" म्हणणाऱ्याला म्हणावं, जाऊ दे. पगार थकला असेल तर कामगार मंत्रालयाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही मोफत. तक्रार केली म्हणून तुम्हाला कामावरून काढता येत नाही.

सही करण्यापूर्वी एवढं विचाराच

घरमालकांनी विचारावं:

- करारात दुसरा पक्ष नेमका कोण? शर्टावरची कंपनी की हा मुलगा? वॉरंटीवर सही कुणाची?
- कामगार अपघात विम्याचं, म्हणजे डब्ल्यूएसआयबीचं क्लिअरन्स आहे का? ते ऑनलाइन मोफत तपासता येतं. शिवाय नुकसानभरपाईचा विमा कुणाच्या नावावर आहे?
- एचएसटीचे १३ टक्के लावलेत, तर नोंदणी क्रमांक कुठे आहे?
- खरवडणं, प्रायमर आणि रंगाचे किती हात, हे वेगवेगळ्या ओळींत लिहून द्याल का? रंगाच्या कंपनीचं आणि प्रकाराचं नाव?
- गेल्या वर्षी रंगवलेलं एखादं घर दाखवा. या वर्षीचं नको, हिवाळा सोसलेलं हवं.

आगाऊ रक्कम १० टक्क्यांच्या वर देऊ नका. रोख तर नाहीच.

विद्यार्थ्यांनी विचारावं:

- गेल्या उन्हाळ्यात तुमच्या किती मॅनेजरांना तोटा झाला? उत्तर लेखी द्या.
- मध्येच सोडलं तर किती पैसे भरावे लागतील?
- दुसऱ्या मजल्यापर्यंत शिडी लावायचं प्रशिक्षण कोण देणार आणि पडलो तर जबाबदार कोण?

शिडी डुगडुगत असेल तर चढू नका. धोकादायक काम नाकारण्याचा हक्क कायद्याने कामगाराला दिलेला आहे, आणि कुठल्याही मॅनेजरच्या "दोन मिनिटांचं तर काम आहे" पेक्षा तो मोठा आहे.

आमच्या मागण्या

कंपन्यांनी मुलाच्या सहीशेजारी स्वतःची सही करावी. वॉरंटी कंपनीच्या नावावर असावी. रंगारी मुलांना तासाचा पगार द्यावा.

कॉलेजांनी अशा भरतीला वर्गात पाय ठेवू देऊ नये. प्राध्यापकांसमोर झालेलं भाषण कॉलेजनेच मान्य केलंय, असं नवख्या मुलाला वाटतं, आणि कंपनीला नेमकं तेच हवं असतं.

आपल्या मराठी मंडळांनी गुढीपाडव्याच्या आणि गणपतीच्या कार्यक्रमांत अशा कंपन्यांना स्टॉल देण्याआधी आणि त्यांचं प्रायोजकत्व घेण्याआधी वरचे प्रश्न विचारावेत. सभागृहाचं भाडं भागतं म्हणून सभासदांचे पत्ते कुणाच्या हाती द्यायचे नसतात.

आणि आपण सगळ्यांनी एक सवय सोडावी. "आपलाच मुलगा आहे, कागद कशाला वाचायचे?" ही ती सवय. आपला मुलगा आहे म्हणूनच कागद वाचायचे. तुम्ही न वाचता सही केलीत तर उद्या तुमचं घर बिघडेल आणि तोट्याचं ओझंही त्याच्याच मानेवर पडेल. त्याला चहा द्या, शेजारी बसवा आणि त्याचाही करार त्याच्यासोबत वाचून काढा. मदतच करायची असेल तर त्याला सरळ तासाच्या पैशांवर कुंपण रंगवायला सांगा, त्याच्या परमिटला चालत असेल तर. मधला दलाल कशाला?

ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांनी लाजून गप्प बसू नये. करार, पावत्या, फोटो आणि मेसेज एकत्र करा. घरमालकांनी कन्झ्युमर प्रोटेक्शन ओन्टारियोकडे आणि विद्यार्थ्यांनी कामगार मंत्रालयाकडे तक्रार करावी. एकट्या माणसाला कंपनी "तुमचाच गैरसमज झालाय" म्हणून वाटेला लावते. एकाच गल्लीतल्या दहा घरांच्या तक्रारी एकाच आठवड्यात गेल्या, तर तेच उत्तर दहा वेळा देणं तिला जड जाईल.

हे पत्रक वाचून झालं की फ्रिजवर लावा, आणि एक प्रत शेजारच्या घरी द्या. शेजारी मराठी नसेल तर तोंडी सांगा.

आपले,
ओन्टारियोतील काही मराठी घरमालक आणि विद्यार्थी