परदेशी शिक्षण आणि वनपट्ट्याचे तारण

कळवण तालुक्यातील एखादा कोकणा किंवा महादेव कोळी मुलगा आश्रमशाळेतून शिकतो, नाशिक-पुण्याच्या वसतिगृहात राहून पदवी घेतो आणि विलायतेतील विद्यापीठ त्याला प्रवेश देऊ करते. पाड्यावर आनंद होतो. परंतु त्याची खरी परीक्षा येथूनच सुरू होते. ही परीक्षा बुद्धीची नसून तारणाची असते.

ब्रिटनमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च सहज पंचवीस लाखांच्या पुढे जातो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांवर गेले की बँका साधारणपणे स्थावर तारण मागतात. या मुलाच्या बापाकडे जमीन असते. पण १९७४च्या कायदादुरुस्तीनुसार आदिवासीची जमीन शासकीय परवानगीविना बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा तर वारसाने चालतो, पण त्याचे हस्तांतरण होत नाही. सावकारी पाशातून जमीन वाचविण्यासाठी हे निर्बंध आवश्यकच होते आणि आजही आहेत. परंतु त्यांचा अर्थशास्त्रीय परिणाम उघड आहे : जी जमीन विकता येत नाही, तिच्यावर बँक कर्ज देत नाही. समाजहितासाठी ज्याची पत कायद्याने मर्यादित केली, त्याला पत पुरविण्याची जबाबदारी समाजाची, म्हणजेच शासनाची ठरते. परदेशी शिष्यवृत्ती ही त्या अर्थाने शासनाच्या देण्याची फेड आहे. तिला मेहेरबानी म्हणणे हा शब्दच्छल होय.

ही फेड कशी होते? अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या जागा साऱ्या देशात मिळून वीस. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन मजूर व कारागीर यांच्यासाठी असलेल्या दुसऱ्या योजनेत सव्वाशे. त्या योजनेतही २०२५च्या जुलैमध्ये १०६ उमेदवारांची निवड झाली, तेव्हा प्रारंभी केवळ ४० जणांना तात्पुरती पत्रे मिळाली. उरलेल्यांना ‘निधी उपलब्ध झाल्यास’ असे सांगण्यात आले. विद्यापीठांची सत्रे सप्टेंबरात सुरू होतात, ती अशा ‘झाल्यास’साठी थांबत नाहीत. त्याआधी २०२२मध्ये याच योजनेतून भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील संशोधनाचे विषय वगळण्यात आले. दलितांच्या मुलाने परदेशात जाऊन यंत्रे शिकावीत, पण जातिव्यवस्थेची चिकित्सा करू नये, असाच याचा अर्थ नव्हे काय?

महाराष्ट्र शासनही मागे राहिले नाही. २०२४मध्ये परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी पंचाहत्तर टक्के गुणांची अट पुढे आली. विद्यार्थी संघटनांनी तिला कडाडून विरोध केला; पण त्या अटीमागची वृत्ती तपासली पाहिजे. १९०७ साली मॅट्रिकच्या परीक्षेत भीमराव आंबेडकरांना ७५०पैकी २८२ गुण होते. शेकडा अडतीसही भरत नाहीत! १९१३मध्ये त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियास पाठविणारे सयाजीराव गायकवाड याच नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्याच्या कवळाणे गावी जन्मलेले. एका संस्थानिकाला जे कळले, ते लोकशाही शासनाला कळू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आपल्या चळवळीतीलही काही मंडळी विचारतात, आश्रमशाळांत शिक्षक नाहीत, मग एकेका मुलावर लाखो रुपये का उधळावेत? प्रश्न प्रामाणिक आहे, पण हिशेब अपुरा आहे. सधन घरातील मुलाच्या शैक्षणिक कर्जावरील व्याजाला जुन्या करपद्धतीत कमाल मर्यादेविना वजावट मिळते. तेही सरकारी तिजोरीतूनच दिलेले साहाय्य. मात्र त्याला ‘उधळण’ कोणी म्हणत नाही. आश्रमशाळेतील शिक्षक आणि विलायतेतील शिष्यवृत्ती यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे राज्यकर्त्यांच्या सोयीचे आहे. कार्यकर्त्यांनी दोन्हींची मागणी एका श्वासात केली पाहिजे.

मागण्या स्पष्ट आहेत. निवडयादीपूर्वी निधी मंजूर व्हावा. मंजुरीचे पत्र विद्यापीठात अनामत भरण्याच्या मुदतीआधी हाती पडावे. पारपत्र, इंग्रजीची परीक्षा, अर्जाचे शुल्क हा प्रवेशापूर्वीचा खर्च कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयासारख्या ठिकाणाहून आगाऊ मिळावा. कारण गरीब मुलगा बहुधा या पहिल्याच पायरीवर अडतो. विषयावर बंधन नसावे. आणि ज्याला शिष्यवृत्ती मिळत नाही, त्याच्या कर्जाला शासनाने स्वतः हमी द्यावी.

जमिनीच्या हक्कासाठी कळवण-सुरगाण्याचे आदिवासी २०१८ साली नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. त्यांच्या पट्ट्यावर बँक कर्ज देत नसेल, तर त्यांच्या मुलांसाठी शासनाने जामीन राहिले पाहिजे. यापेक्षा कमी काही स्वीकारणे म्हणजे ज्ञानाची मक्तेदारी धनिकांच्या हाती सोपविणे होय.